मिरेय : वरच्या मजल्यावरच्या फ्रेंच आजी आणि आमची मीरा

रोनकाठी

लेकीचं बारसं मागच्या रविवारी झालं. नाव ठेवलं मीरा. आम्ही दक्षिण फ्रान्समध्ये आविन्योंला राहतो, त्यामुळे आत्या नाशिकहून फोनच्या पडद्यावर. पण बाळाच्या कानात कुर्रर्र करायला माणूस पाळण्यापाशीच हवं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजींना बोलावलं. ऐंशीला टेकल्यात. माझ्या बाळंतपणात रोज दुपारी सूपचं पातेलं घेऊन जिना उतरायच्या. वन्सं पडद्यावरून 'आता सांगा' म्हणाल्या, तशा आजी वाकल्या आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्यांचा र घशातून येतो, त्यामुळे आमची मीरा 'मीघा'सारखी ऐकू आली. मग कंबर सरळ करत मला म्हणाल्या, "अगं, ही तर माझीच नावबहीण!"

आजींचं नाव मिरेय. लिहिताना शेवटी दोन एल आणि ई येतात, पण उच्चारात ल कुठेच नाही. मि-रेय, एवढंच. दोन वर्षं मी त्यांना 'मादाम'च म्हणत आलेय, त्यामुळे नावाचा कधी विचारच केला नव्हता. त्या दिवसापासून मात्र डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचलं, आजींना विचारलं, आणि जे हाती आलं ते इतकं सुंदर आहे की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी मला वाटलं, हे मारीसारखं जुनंपुराणं, कुठल्यातरी संतिणीचं नाव असणार. तसं नाही. हे नाव लोकांच्या तोंडी आलं ते १८५९ साली, एका कवितेतून. कवी फ्रेदेरीक मिस्त्राल. इथून जवळच्या मायान गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८३०. (इथल्या उत्तरेच्या झोंबऱ्या वाऱ्यालाही मिस्त्रालच म्हणतात. आत्ता हे लिहितानाही खिडक्या वाजताहेत.) त्याने बारा सर्गांचं काव्य लिहिलं, आणि ते फ्रेंचमध्ये नाही, तर प्रोव्हांसाल या आपल्या मायबोलीत. पॅरिसच्या लोकांना कळावं म्हणून समोरच्या पानावर स्वतःच केलेलं फ्रेंच भाषांतर दिलं. काव्याचं नाव नायिकेचंच : 'मिरेयो'. प्रोव्हांसालमध्ये, निदान मिस्त्रालच्या लेखनपद्धतीत, स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी ओ येतो. त्याच मिरेयोचं फ्रेंच रूप मिरेय.

गोष्ट साधी आहे. मिरेय बड्या शेतकऱ्याची एकुलती लेक, व्हँसां हा गावोगाव फिरून टोपल्या विणणाऱ्याचा पोरगा. पहिल्याच सर्गात व्हँसां तिला सांगून ठेवतो, कधी संकट आलं तर समुद्रकाठच्या सँत-मारीच्या देवळाकडे धाव घे. पुढे तिला मेंढपाळ, घोडेवाला आणि बैलवाला अशी तीन सधन स्थळं येतात, ती तिघांनाही नाकारते. बाप टोपलीवाल्याला मुलगी द्यायला तयार नाही. मग ती पहाटे घरातून निघते आणि क्रो नावाचं गोट्यांचं माळरान भर उन्हात तुडवत त्या देवळाकडे जाते. वाटेत गोगलगायी वेचणारा एक पोरगा तिला पाणी देतो. पण ऊन बाधतं, आणि देवळात पोचूनही ती वाचत नाही.

आजी म्हणाल्या, "माझ्या वर्गात आम्ही चार मिरेय होतो. आता या अख्ख्या गल्लीत मी एकटी."

तर प्रश्न असा : मीरा आणि मिरेय यांचं खरंच काही नातं आहे का? आजींना मनापासून हवं आहे की असावं. आणि हे नाव मिस्त्रालने मनाने रचलं की त्याला कुठे सापडलं? कोणाला माहीत असेल तर नक्की लिहा.

गाणंवेल्हाळ

किती छान धागा! बाळाला खूप आशीर्वाद.

या नावाशी माझी ओळख गाण्यातून. शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराने याच काव्यावर 'मिरेय' हा ऑपेरा केला. पहिला प्रयोग मार्च १८६४, पॅरिस. तो संगीत लिहायला मुद्दाम तुमच्या भागात, सँ-रेमीला जाऊन राहिला होता. पडदा उघडतो तो तुतीचा पाला तोडणाऱ्या बायकांच्या समूहगीताने. पण पॅरिसच्या प्रेक्षकांना नायिकेचं मरण रुचलं नाही, म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात तीन अंकांची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात मिरेय जगते! मला मूळ शेवटच आवडतो. ते माळरानावरचं गाणं ऐकल्यावर ती जगली असं मानताच येत नाही.

आणि गायिका मिरेय माथ्य्यू? ती तर तुमच्या आविन्योंचीच. १९४६चा जन्म, दगड घडवणाऱ्या बापाची मुलगी, चौदा भावंडांत थोरली. १९६५ साली टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उभी राहिली आणि लोकांना थोर फ्रेंच गायिका एदित पियाफ आठवली. माझ्या वडिलांकडे तिची एक तबकडी होती. आम्ही भावंडं तिला 'मायरेली' म्हणायचो. आज कळलं की सगळा उच्चारच चुकीचा होता.

रोनकाठी

हो! आजी आणि ती एकाच वयाच्या. आजींच्या मते तिच्या बोलण्यातला हेल अजूनही इथलाच आहे, पॅरिसने तो पुसला नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी फुलून येतो.

शब्दवेडा

रोनकाठी ताई, व्युत्पत्तीचं थोडं सांगतो.

मिस्त्रालने आपल्या आठवणींत लिहिलंय की हे नाव त्याने लहानपणी घरातच ऐकलं होतं. त्याची आजी आपल्या एखाद्या मुलीचं कौतुक करताना म्हणायची, ही बघा मिरेय. पण ती मूळची मिरेय कोण, तिचं काय झालं, हे घरात कोणालाच सांगता येईना. गोष्ट हरवली होती, नाव तेवढं उरलं होतं. त्या उरलेल्या नावाला त्याने नवी गोष्ट दिली. म्हणजे नाव त्याला सापडलं, आणि माणूस त्याने घडवला.

अर्थाचं म्हणाल तर बहुतेक अभ्यासक ते 'मिरार' या प्रोव्हांसाल क्रियापदाशी जोडतात. मिरार म्हणजे निरखून पाहणं, कौतुकाने बघत राहणं. मूळ लॅटिन मिरारी, म्हणजे अचंबा वाटणं. इंग्रजीतले मिरर, मिरॅकल, अ‍ॅडमायर हे सगळे त्याच घरातले. आजीच्या तोंडचा तो वाक्प्रचार आणि हा अर्थ किती जुळतात बघा : जिच्याकडे बघत राहावं ती.

मीराशी मात्र नातं नाही. ध्वनी जुळतो, तेवढंच. आजींना वाईट वाटेल हे कळतंय, पण थांबा, पुढचं वाचा.

लॅटिन मिरारीच्या मुळाशी जे विशेषण आहे, मीरुस, ते भाषाशास्त्रज्ञ 'स्मि' या धातूच्या कुळात धरतात. आपल्या संस्कृतातला स्मि. स्मित, सस्मित, स्मेर, विस्मय, सगळे त्यातूनच आलेले. लॅटिनमध्ये सुरुवातीचा स गळाला आणि 'मि' राहिला. हसणं आणि चकित होणं हे दोन्ही अर्थ आपल्याकडे एकाच धातूत नांदतात, तिकडे चकित होणं तेवढं शिल्लक राहिलं.

तेव्हा आजींना सांगा, तुमची भारतातली नावबहीण मीरा नाही. ती स्मिता.

माई_सोलापूर

शब्दवेडा, हे वाचून अंगावर काटा आला. माझं नाव स्मिता आहे.

१९६२चा माझा जन्म. आमच्याही वर्गात तीन स्मिता होत्या. बाई हजेरी घेताना आडनाव लावून हाका मारायच्या. आता नातवंडांच्या वर्गात एकही नाही, सगळ्या कियारा आणि अनाया. ताई, तुमच्या आजींचं 'या अख्ख्या गल्लीत मी एकटी' वाचून वाटलं, सात समुद्रापलीकडे माझंच दुःख कोणीतरी बोललं. त्यांना माझा नमस्कार सांगा. स्मिताचा, मिरेयला.

वकीलकाकू

नावाच्या अर्थाइतकीच मला या नावाच्या नोंदणीची बाजू लक्षणीय वाटते. फ्रान्समध्ये तेव्हा मुलाचं नाव मनाला येईल ते ठेवता येत नव्हतं. नेपोलियनच्या काळातला, १ एप्रिल १८०३चा कायदा होता. त्यानुसार कॅलेंडरांत रूढ असलेली नावं किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावं, एवढीच जन्मनोंदीत चालायची. कॅलेंडर म्हणजे संतांचं. आपल्या कालनिर्णयात रोजची तिथी असते ना, तसा तिकडे रोज एक संत. वर्षाच्या शेवटी पोस्टमन घरोघरी कॅलेंडर घेऊन येतो, त्यातही तारखेपुढे नाव छापलेलं असतं.

आता या चौकटीत मिरेय कुठे बसवायची? या नावाची संतीण नाही, आणि काव्यातली नायिका काही प्राचीन इतिहास नव्हे. खुद्द मिस्त्रालच्या धर्मकन्येच्या बाप्तिस्म्याच्या वेळीच पाद्रीबाबांनी हरकत घेतली, हे काही ख्रिस्ती नाव नाही म्हणून. तेव्हा मिस्त्रालने बाजू मांडली की मिरेय हे मिरियमचं, म्हणजेच मारीचं, प्रोव्हांसाल रूप आहे. शब्दवेडा यांनी सांगितलेल्या व्युत्पत्तीपुढे हा युक्तिवाद टिकत नाही, पण त्याने काम झालं. म्हणूनच फ्रेंच कॅलेंडरात मिरेयचा नामदिन मारीच्याच सणाला येतो, १५ ऑगस्टला. पुस्तकातलं नाव असं मागच्या दाराने संतांच्या रांगेत जाऊन बसलं.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. १९६६च्या सूचनेने अधिकाऱ्यांना थोडं सैल वागता येऊ लागलं, तरी १९८३ साली जन्मलेल्या एका मुलीच्या आईबापांना 'फ्लर द मारी' हे नाव नोंदवू दिलं नाही. तेही एका जुन्या फ्रेंच कादंबरीतल्या मुलीचंच नाव. ते भांडण थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर १९९६मध्ये आईबाप हरले. तोवर फ्रान्सने स्वतःच, ८ जानेवारी १९९३च्या कायद्याने, नाव निवडायचा हक्क आईबापांना देऊन टाकला होता. आता मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच निबंधक सरकारी वकिलाला कळवतो आणि न्यायालय ठरवतं. एका जोडप्याने मुलीचं नाव 'न्युटेला' ठेवलं, तेव्हा न्यायालयाने ते 'एला' केलं. ते मला योग्यच वाटतं.

मुलाचं नाव ठेवणं ही घरातली गोष्ट. सरकारने दीडशेहून अधिक वर्षं त्यात बोट घातलं, आणि त्याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो ब्रेतॉनसारख्या प्रादेशिक भाषांतल्या नावांना. याचा मला खरोखर राग येतो.

ओहायोकर

थोडं अवांतर. अमेरिकेत आल्यावर मी फ्रेंच शिकले ती टीव्हीवरच्या 'फ्रेंच इन अ‍ॅक्शन' या मालिकेवरून. १९८७ची, बावन्न भागांची. तिची नायिका मिरेयच! त्या मालिकेमुळे इथल्या हजारो लोकांना हा उच्चार येतो. माझ्या मोठीचं नाव मी जवळजवळ तेच ठेवणार होते, सासूबाईंनी 'मिरी वाटतं गं' म्हटल्यावर मागे घेतलं. थोडी हळहळ अजून आहे.

तुती_दोन_एकर

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचत असतो. पण तुतीच्या पाल्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमची जालना जिल्ह्यात दोन एकर तुती आहे. सहा वर्षं रेशीम करतो.

गाणंवेल्हाळ म्हणतात त्या पाला तोडणाऱ्या बायका, हा प्रसंग त्या काव्यात आहे का? असेल तर ताई, नीट सांगाल का? आमच्याकडे बायकोच पाल्याचं बघते. पाचव्या अवस्थेत अळ्यांना दिवसरात्र पाला लागतो. शेडमध्ये रात्री उभं राहिलं तर खाण्याचा आवाज येतो, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. तेव्हा घरातल्या कोणालाच झोप नसते. अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या जाळीवर, चढल्या की मग निवांत.

रोनकाठी

दादा, आहे तर! दुसरा सर्ग अख्खा त्याचाच आहे. व्हँसां वाटेवरून जात असतो, मिरेय झाडावर पाला तोडत असते. ती त्याला हाक मारते, तोही झाडावर चढून मदतीला लागतो. दोघंही एकाच पिशवीत पाला भरतात आणि हाताला हात लागतो. मग फांदी मोडते आणि दोघं खाली गवतात पडतात. तिथेच ती त्याला मनातलं सांगते. आधी ती सांगते, तो नाही, आणि हे मला फार आवडलं. ही तुती तुमच्यासारखी कमरेएवढी छाटलेली नव्हे, चढता येईल एवढी झाडं. एखाददुसरं जुनं झाड आजही शेताच्या कडेला उभं दिसतं. रेशीम मात्र गेलं.

आजींच्या आजीने रेशीम केलं होतं. अंडी उबवण्यासाठी बायका ती कापडी पुरचुंडीत बांधून पोलक्याच्या आत, छातीशी बाळगायच्या, हे आजींनी हाताने दाखवून सांगितलं. तुमच्या पावसाच्या आवाजाचं सांगितलं तर म्हणाल्या, "हो, माझी आजीही असंच म्हणायची."

तुती_दोन_एकर

हे वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फांदी मोडली तर पाल्याचं काय झालं ते का नाही लिहिलं.

एक भर घालतो, कारण हे मला आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. तुमच्याकडचं रेशीम बुडालं त्यात पेब्रीन रोगाचा मोठा हात. १८५०च्या दशकात तो पसरला, म्हणजे ही कविता छापून आली त्याच सुमारास. अळ्यांवर मिरी उधळल्यासारखे काळे ठिपके येतात आणि बॅचच्या बॅच जाते. लुई पाश्चर १८६५ साली दक्षिण फ्रान्समधल्या आलेसला आले ते याच कामासाठी. पाचेक वर्षं त्यांनी त्यावर घालवली. अंडी घातलेली मादी कुटून तिचा रस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, रोगाचे बिंदू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, ही त्यांची रीत. आजही आम्हाला जे रोगमुक्त अंडीपुंज मिळतात ते त्याच तपासणीतून येतात. म्हणजे मिरेयच्या गावचं दुखणं निस्तरताना जे शोधलं, त्यावर आमचं घर चालतंय. आजवर हे असं जोडून बघितलं नव्हतं.

शब्दवेडा

वा! या प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं.

मिस्त्रालबद्दल आणखी एक राहिलं. तो फक्त कवी नव्हता. १८५४च्या मे महिन्यात सात तरुण कवींनी मिळून फेलिब्रीज नावाची मंडळी उभारली, आपली भाषा वाचवायची म्हणून. त्यातला हा एक. मग कित्येक वर्षं राबून त्याने त्या भाषेचा दोन जाडजूड खंडांचा कोश केला. १९०४ साली नोबेल मिळालं (स्पेनचा नाटककार एचेगाराय याच्याबरोबर विभागून), तो पैसा त्याने आर्लच्या लोकजीवन संग्रहालयात घातला. टोपल्या, पाळणे, बायकांच्या टोप्या, कणग्या, जे जे जाऊ घातलं होतं ते सगळं तिथे आणून ठेवलं.

आणि तरी काय झालं? त्याने मिरेय हे नाव फ्रान्सभर पोचवलं. १९४०च्या दशकात तर ते सगळ्यात जास्त ठेवलं गेलं, उत्तरेतल्या ज्या घरांत प्रोव्हांसालचा एक शब्द कोणाला येत नव्हता तिथेही. नाव जिंकलं, भाषा मात्र घराघरातून निघून गेली. मला ही गोष्ट फार लागते, कारण आपल्याकडेही मुलांची नावं दिवसेंदिवस जास्त संस्कृत होत चाललीत, आणि घरातलं मराठी मात्र पातळ होत चाललंय.

गाणंवेल्हाळ

त्या सँत-मारीच्या देवळाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. मी तिथे जाऊन आलेय. गावात मिरेयचा पुतळा आहे, १९२०चा. दरवर्षी २४ मे रोजी युरोपभरचे रोमा, म्हणजे जिप्सी, लोक तिथे जमतात आणि तळघरातल्या काळ्या सारामातेची मूर्ती मिरवत समुद्रात नेतात. या रोमांचे पूर्वज भारतातून गेलेले. शेजारी बसलेली एक बाई नातवाला 'पानी' म्हणत बाटली देत होती. मी वळून बघितलं. नाक, कान, दात, पाणी, हे शब्द त्यांच्या भाषेत जवळजवळ आपल्यासारखेच आहेत.

रोनकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हा अख्खा धागा आजींना तोंडी भाषांतर करून वाचून दाखवला. दोन तास लागले, मीरा मांडीवर झोपली होती.

शब्दवेडांचं 'नाव जिंकलं, भाषा निघून गेली' ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांचे वडील शाळेत प्रोव्हांसाल बोलले की मास्तर हातात एक लाकडाचा तुकडा द्यायचे. तो दिवसभर बाळगायचा आणि दुसरं कोणी बोलताना सापडलं की त्याच्या हवाली करायचा. संध्याकाळी ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. म्हणून वडिलांनी मुलांशी ती भाषा कधीच बोलली नाही. पण मुलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मिरेय ठेवलं. आणि आजींची आजी त्यांना हाक मारताना मिरेय म्हणायचीच नाही, मिरेयो म्हणायची. "तो ओ ऐकून साठ वर्षं झाली," म्हणाल्या.

मीरा नाही तर स्मिता, हे सांगितलं तेव्हा आधी जरा हिरमुसल्या. मग 'हसणं' हा अर्थ कळल्यावर म्हणाल्या, हे जास्त चांगलं आहे, कारण तुझी लेक मला बघून हसते. माईंचा नमस्कार पोचवला. त्यांनी माईंचं नाव तुमच्या लिपीत लिहून दे म्हटलं. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'स्मिता' लिहिलं, खाली 'मिरेयो' लिहिलं. त्यांनी दोन्हींतल्या म वर बोट ठेवून विचारलं, हे एकच अक्षर आहे ना? आहे, म्हटलं. एकात अर्ध्या सला चिकटलेलं, एकात सुटं.

१५ ऑगस्टला त्यांचा नामदिन. पुरणपोळी करायची ठरवलीय. इथे चण्याची डाळ मिळते, गूळ मात्र नाही. ब्राऊन साखरेवर पुरण नीट आटतं का, कोणी करून बघितलंय?

माई_सोलापूर

आटतं. साखर डाळीच्या पाऊणपट घे, आणि गॅस मंद ठेव, खाली लागतं पटकन. जायफळ विसरू नकोस. आणि पहिली पोळी त्यांना, तव्यावरची, तूप लावून.

रोनकाठी

हो माई.